शर्करेची शरीरातील कार्ये आणि आपला चिकित्साव्यवहार

सन २०१९ ची आषाढी एकादशी. सकाळी अकराच्या सुमारास आमच्या चिकित्सालयात नेहमीच्या एक आजी आल्या. वय ६८, प्रमेहाचा इतिहास १४ वर्षांचा. आल्या त्या दाराजवळच्या बाकावरच बसल्या. कपाळावर दरदरून घाम, हातांना कंप, बोलणे असंबद्ध. आमच्या सहायकाने विचारले, "आजी, सकाळपासून काही खाल्लंत का?" त्या कशाबशा म्हणाल्या, "निर्जळी एकादशी आहे रे बाळा. गोळी तेवढी घेतली."

निदान अवघड नव्हते. ग्लुकोमीटरवर रक्तशर्करा ४६ आली. सहायकाने तत्परतेने खडीसाखरेचे दाट पाणी करून पाजले. पंधरा मिनिटांनी आकडा ४९. पुन्हा तेच पाणी, पुन्हा पंधरा मिनिटे; आकडा ५३. घाम थांबला नव्हता आणि डोळे जड होऊ लागले होते. एवढ्यात सूनबाई पिशवी घेऊन पोहोचल्या. पिशवीतील गोळ्यांच्या पट्टीवर ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशी तीन नावे होती. शेवटचे नाव वाचले आणि आमची चूक ध्यानात आली. शेजारच्या औषध दुकानातून साधी ग्लुकोज पावडर आणवून चार चमचे पाण्यातून दिली. पंधरा मिनिटांत आकडा ८८ झाला आणि आजींनी आम्हाला नावाने हाक मारली. त्यानंतर त्यांना रुग्णालयात पाठविले, कारण ग्लिमेपिराइडचा प्रभाव बराच काळ टिकतो आणि एकदा वर आलेली रक्तशर्करा काही तासांनी पुन्हा खाली येऊ शकते.

खडीसाखर दोनदा देऊनही जे घडले नाही, ते ग्लुकोजने एकदाच दिल्यावर का घडले? दोन्ही पदार्थ गोड, दोन्ही पांढरे, दोघांनाही आपण मराठीत शर्कराच म्हणतो. या एका प्रश्नाच्या निमित्ताने शर्करा हा विषय पुन्हा मुळापासून वाचावा असे आम्हाला वाटले. त्या वाचनातून वैद्यांच्या आणि औषधनिर्मात्यांच्या रोजच्या उपयोगाचे जे हाती लागले, ते येथे मांडत आहोत.

शब्द एक, द्रव्ये अनेक

शर्करा या शब्दाचा मूळ अर्थ वाळू, बारीक खडे असा आहे. म्हणूनच मूत्रमार्गातून पडणाऱ्या बारीक खड्यांनाही आपल्या ग्रंथांत शर्कराच म्हटले आहे. उसाच्या रसापासून होणारे दाणेदार द्रव्य दिसायला वाळूसारखे, म्हणून त्यास ते नाव मिळाले. आपल्या आचार्यांनी मात्र या एका शब्दावर भागविले नाही. चरकांच्या इक्षुवर्गात आणि सुश्रुतांच्या सूत्रस्थानात फाणित, गुड, मत्स्यंडिका, खंड, शर्करा अशी इक्षुविकारांची पायरीपायरीने मांडणी आहे आणि मल जसजसा कमी होतो तसतसे गुण बदलतात, शीतत्व वाढते, असे स्पष्ट सांगितले आहे. एकाच रसाची रूपे असूनही 'गोड ते सर्व सारखे' असे त्यांनी मानले नाही, हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते.

अर्वाचीन रसायनशास्त्राने हाच भेद दुसऱ्या दिशेने केला. एमिल फिशर या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साखरांच्या रेणूंची रचना उलगडली. १९०२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना शर्करा आणि प्युरिन यांवरील कार्यासाठी मिळाले. ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि गॅलॅक्टोज या एकेरी शर्करा. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी म्हणजे सुक्रोज, अर्थात आपली साखर आणि खडीसाखर. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांची जोडी म्हणजे दुधातील लॅक्टोज. ग्लुकोजच्या लांबच लांब माळा म्हणजे पिष्ट. गुळवेलीचे सत्त्वही मुख्यतः पिष्टच आहे.

आतड्याच्या भिंतीतून रक्तात जाते ती केवळ एकेरी शर्करा. जोडी असेल तर ती आधी तोडावी लागते आणि तोडणारी विकरे आतड्याच्या अस्तरावर असतात. व्होग्लिबोज आणि अकार्बोज ही औषधे नेमकी त्याच विकरांना अडवितात. जेवणानंतर रक्तशर्करा एकदम उसळू नये हा त्यांचा हेतू असतो. अशा रुग्णास खडीसाखर दिली तर ती आतड्यात बराच वेळ तशीच पडून राहते. साबुदाण्याची खिचडी दिली तरी तेच, कारण पिष्टाचे विघटनही अडलेले असते. ग्लुकोजला तोडण्याची गरजच नाही. मधात मोकळे ग्लुकोज असते, पण ते सुमारे ३० टक्केच. १५ ग्रॅम ग्लुकोजसाठी जवळजवळ ५० ग्रॅम मध द्यावा लागेल. दुधातील लॅक्टोज तोडणारे विकर या औषधांनी फारसे अडत नाही, परंतु दुधाने येणारा परिणाम सावकाश येतो. म्हणून अशा प्रसंगी ग्लुकोजच. बाजारातील काही स्वादयुक्त शक्तिवर्धक पावडरींत मुख्य घटक साखरच असतो. डब्यावरील घटक वाचून मगच तो डबा कपाटात ठेवावा. आणि रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. जिभेखाली साखर दाबण्याची जी पद्धत खेड्यापाड्यांत आहे, तिने श्वसनमार्गात द्रव जाण्याचा धोका असतो. अशा वेळी एकच उपाय, तातडीने रुग्णालय.

एक चमचा शर्करेचा संसार

प्रौढ मनुष्याच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त. त्यात रक्तशर्करा १०० असेल तर सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज किती? केवळ पाच ग्रॅम, म्हणजे एक चमचा. आम्ही हा हिशेब प्रथम केला तेव्हा आम्हालाही नवल वाटले. मेंदूला दिवसाकाठी सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते, म्हणजे ताशी पाच ग्रॅम. रक्तातील सगळा साठा एकट्या मेंदूला एका तासात पुरे होणार! तांबड्या रक्तपेशींची गोष्ट आणखी निराळी. त्यांत पेशीतील ऊर्जाकेंद्रेच नसतात, त्यामुळे ग्लुकोजशिवाय त्यांना दुसरे इंधन चालतच नाही.

हा चमचा रिकामा होऊ न देण्याचे काम यकृत करते. क्लॉद बर्नार यांनी १८५७ मध्ये यकृतातून ग्लायकोजेन वेगळे काढले आणि यकृत स्वतः शर्करा साठवून रक्तात सोडते हे दाखविले. यकृतातील साठा सुमारे १०० ग्रॅम. तो उपवासात साधारण एक दिवस पुरतो. स्नायूंत याच्या तीन-चारपट साठा असतो, परंतु तो रक्तात परत सोडण्यास लागणारे विकर स्नायूंत नसते. स्नायूचे धन स्नायूपाशीच राहते. कृश, अल्पभोजी, वृद्ध रुग्णाचा यकृतातील साठा मुळातच तुटपुंजा असतो. त्याने निर्जळी उपवास करावा आणि स्वादुपिंडाला सतत इन्सुलिन स्रवण्यास भाग पाडणारी गोळीही घ्यावी, मग त्या एका चमच्याचे काय होणार?

आपले आचार्य कृश प्रमेही आणि स्थूल प्रमेही असा भेद करून एकास बृंहण आणि दुसऱ्यास संशोधन सांगतात. हा भेद आपण परीक्षेपुरता पाठ करतो आणि चिकित्सालयात विसरतो. आमच्या आजी कृश प्रमेही होत्या.

इंधनापलीकडे

शर्करा म्हणजे शक्ती, एवढेच समीकरण आपल्या मनात घट्ट असते. परंतु शरीर शर्करेचा उपयोग लिपीसारखाही करते. प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर शर्करांच्या छोट्या साखळ्या असतात आणि त्यांवरून पेशीची ओळख ठरते. रक्तगट हे याचे सर्वांत परिचित उदाहरण. कार्ल लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रक्तगट शोधले. पुढे कळले की ए आणि बी या गटांतील भेद साखळीच्या टोकावरील एका शर्करेपुरता आहे. तेथे गॅलॅक्टोज असेल तर बी, त्याच गॅलॅक्टोजचे नत्रयुक्त रूप असेल तर ए, दोन्ही नसेल तर ओ.

या विषयात मुंबईचे नाव जगाच्या पाठ्यपुस्तकांत गेले आहे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत आढळलेल्या काही व्यक्तींचा विलक्षण रक्तगट प्रसिद्ध केला. तोच 'बॉम्बे ब्लड ग्रुप'. या व्यक्तींच्या साखळीवर फ्युकोज नावाची शर्करा बसतच नाही. ती पाया असते. पाया नसल्याने त्यावर ए किंवा बी कोणतीही शर्करा चढू शकत नाही. नेहमीच्या तपासणीत हे रक्त ओ दिसते, पण अशा रुग्णास ओ गटाचे रक्त दिले तर प्राणघातक प्रतिक्रिया होऊ शकते, कारण ओ गटाच्या पेशींवर ते फ्युकोज असते आणि रुग्णाचे शरीर त्यालाच परके मानते. एका शर्करेचा अभाव, आणि जीवनमरणाचा प्रश्न!

जनुकद्रव्याच्या कण्यातही शर्कराच आहे. सांध्यातील वंगण, श्वसनमार्गातील आणि आतड्यातील श्लेष्मा, कूर्चेचा ओलावा ही सर्व कार्ये शर्करेच्या दीर्घ साखळ्या पाणी धरून ठेवतात म्हणून चालतात. येथे श्लेषक कफाची आठवण प्रत्येक वैद्यास होईल. परंतु श्लेषक कफ म्हणजे हायलुरॉनिक आम्ल, असे समीकरण आम्ही मांडणार नाही. कफ हे कार्यकारी तत्त्व आहे आणि हायलुरॉनिक आम्ल हे एक द्रव्य. साम्य दिसले की लगेच बरोबरीचे चिन्ह काढण्याची सवय आपल्या नियतकालिकांतून बरीच बोकाळली आहे आणि तिने आपल्या शास्त्राचे भले झालेले नाही.

शर्करेचे एक काम मात्र शरीराने तिला दिलेले नाही. ती ते आपणहून करते. भाजणी भाजताना जो तांबूस रंग आणि खमंग वास येतो, तो प्रथिनांशी शर्करा चिकटल्याने येतो. लुई-कामी माय्यार यांनी १९१२ मध्ये ही क्रिया वर्णिली. शरीराच्या तापमानालाही तीच क्रिया चालू असते, फक्त अतिशय मंद. रक्तातील ग्लुकोज हिमोग्लोबिनला कोणत्याही विकराविना चिकटते आणि तांबडी पेशी जगेल तितके दिवस, म्हणजे सुमारे १२० दिवस, चिकटून राहते. मधुमेहींमध्ये असे हिमोग्लोबिन वाढलेले असते हे सॅम्युएल राहबार यांनी १९६८ मध्ये दाखविले आणि त्यातूनच एचबीएवनसी ही तपासणी आली. नेत्रभिंग, वृक्क आणि रक्तवाहिन्या यांतील प्रथिनेही अशीच हळूहळू 'भाजली' जातात. उपद्रवांच्या कारणांपैकी हे एक प्रमुख कारण होय.

येथे वैद्यांनी एक सावधगिरी बाळगावी. लोहाच्या कमतरतेने पांडुता असेल तर एचबीएवनसी खोटेच वाढलेले दिसते. अशा प्रमेही रुग्णास आपण नवायस लोह दिले, पांडुता कमी झाली, की रक्तशर्करेत काहीही फरक न पडता एचबीएवनसी उतरू शकते. कागदावरील आकडा उतरला म्हणून प्रमेह सुधारला असे रुग्णास सांगण्यापूर्वी त्याची उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची रक्तशर्करा ताडून पाहावी. आम्ही स्वतः काही वर्षे अशा फुकटच्या श्रेयाचे धनी झालो असू, अशी आम्हास दाट शंका आहे.

वनस्पतींनी केलेला उपयोग

आपल्या अनेक औषधी द्रव्यांचा कार्यकारी अंश शर्करेला बांधलेला असतो. सोनामुखीचे उदाहरण पाहावे. तिच्यातील सेनोसाइड्सना ग्लुकोज अशा रीतीने जोडलेले असते की आपली विकरे ते तोडू शकत नाहीत. म्हणून ते लहान आतड्यात शोषले न जाता पक्वाशयापर्यंत सुखरूप पोहोचते. तेथील जंतू शर्करा तोडतात आणि मगच विरेचक द्रव्य तयार होते. रात्री घेतलेल्या सोनामुखीचा वेग सकाळी का येतो, याचे उत्तर त्या शर्करेत आहे.

यष्टिमधु गोड आहे, पण त्याची मुख्य गोडी साखरेची नव्हे. त्यातील ग्लिसिरायझिन साखरेच्या कित्येक पट गोड असून त्याने रक्तशर्करा वाढत नाही. मात्र दीर्घकाळ मोठ्या मात्रेत दिल्यास रक्तदाब वाढतो आणि रक्तातील पोटॅशियम घटते. मधुर रस आणि साखर या दोन गोष्टी आपण वेगळ्या ठेवल्या पाहिजेत, त्या अशा. गुडमारची गंमत तर उलटी. त्यातील जिम्नेमिक आम्लांनाही शर्करेचेच एक आम्लरूप जोडलेले असते आणि पान चघळल्यावर साखर तोंडात वाळूसारखी बेचव लागते. शर्करा आपल्या मूळ अर्थाला परत जाते म्हणावयाचे! आजींना आमच्याकडून गुडमारयुक्त चूर्णही चालू होते, हे येथे सांगणे भाग आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखे औषध चालू असताना आपले शर्कराहर द्रव्य दिले, तर रक्तशर्करा किती खाली जाईल याचा विचार आपणच करावयाचा आहे.

औषधशाळेतील शर्करा

आता औषधनिर्मात्या बंधूंसाठी. कल्पांमध्ये साखर एकाच हेतूने येत नाही. शार्ङ्गधरांच्या सामान्य नियमाप्रमाणे अवलेहात चूर्णाच्या चौपट साखर किंवा दुप्पट गूळ येतो. तेथे ती अनुपान आहे, औषध आहे आणि रक्षकही आहे. दाट पाकात जंतूंना वापरण्याजोगे पाणीच उरत नाही, म्हणून अवलेह टिकतो. हाच पाक पातळ राहिला की यीस्टची वाढ होऊन फेस येतो आणि झाकणे उडतात. आसवारिष्टात साखरेचे काम याच्या नेमके उलट असते. तेथे यीस्टला खाद्य म्हणून ती मुद्दाम पुरवावयाची, तीही पुरेशा द्रवात. एकाच द्रव्याने एका भांड्यात जंतू रोखावयाचे आणि दुसऱ्या भांड्यात वाढवावयाचे, हा सगळा खेळ पाण्याच्या प्रमाणाचा आहे. तार येणे, पाण्यात टाकता न विरघळता तळाशी बसणे, बोटांच्या रेषांचा ठसा उमटणे या परीक्षा पूर्वाचार्यांनी त्यासाठीच सांगितल्या.

आवळ्यासारखे आम्लद्रव्य असलेल्या अवलेहात पाक शिजताना बरीच साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वेगळे होतात. त्यामुळे तो अवलेह सहसा साखरत नाही. आम्लद्रव्य नसलेला अवलेह बरणीत दाणे धरतो त्याचे एक कारण हे. मध मात्र कल्प पूर्ण थंड झाल्यावरच घालावा. उष्ण मधाचा निषेध आपल्याकडे आहेच. मध तापविल्यावर त्यातील फ्रुक्टोजपासून हायड्रॉक्सिमिथाइलफरफ्युरल हे द्रव्य वाढते आणि मधाच्या प्रतवारीत ते मोजतात.

आता थोडा हिशेब. सितोपलादि चूर्णात खडीसाखर १६, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलदोडा २ आणि दालचिनी १ असे ३१ भाग. म्हणजे निम्म्याहून अधिक साखर. तालीसादि चूर्णात दोनतृतीयांश आणि अविपत्तिकर चूर्णात बरोबर निम्मी. सितोपलादि ३ ग्रॅम दिवसातून तीनदा दिले तर साखर साडेचार ग्रॅमच्या आसपास जाते. ती फार नव्हे. परंतु प्रत्येक वेळी चमचाभर मध, म्हणजे सुमारे ७ ग्रॅम, दिला की मधातून दिवसाला १७ ग्रॅम शर्करा जाते. एकूण २१ ग्रॅमच्या वर! जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी वरून घेतलेल्या शर्करेची जी इष्ट मर्यादा सुचविली, ती दिवसाला सुमारे २५ ग्रॅमची आहे. खोकल्याच्या प्रमेही रुग्णाची रक्तशर्करा चढली की दोष चूर्णास दिला जातो. खरा वाटा अनुपानाचा असतो आणि ते आपण चिठ्ठीवर लिहीतही नाही.

म्हणून आमची निर्मात्यांना विनंती आहे की अवलेह, पाक, आसव आणि शर्करायुक्त चूर्णे यांच्या वेष्टनावर प्रतिमात्रा शर्करा ग्रॅममध्ये छापावी. आसवात किण्वनानंतरही शर्करा शिल्लक असते, तीही मोजून लिहावी. 'शुगर फ्री' अवलेहांबद्दल आमचे मत फारसे अनुकूल नाही. साखर काढून सॉर्बिटॉल घातल्यावर तो ग्रंथोक्त कल्प राहत नाही. १९४० च्या औषध कायद्याच्या दृष्टीनेही ते स्वामित्व औषध होते. शिवाय सॉर्बिटॉल सारक आहे. रुग्णाचे पोट बिघडले की तो पुन्हा आपल्यालाच विचारतो. प्रमेही रुग्णास अवलेहाऐवजी क्वाथ, घनवटी किंवा शर्कराविरहित चूर्ण देणे अधिक सरळ आहे आणि ते आपल्या हाती आहे.

साखर टाळावयाची नव्हे तर द्यावयाचीच, अशीही जागा आहे. अतिसारात आतड्याची भिंत ग्लुकोज आणि सोडियम एकत्रच आत घेते आणि त्यांच्यामागे पाणी जाते. १९७१ मध्ये डॉ. दिलीप महलानबीस यांनी बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीच्या रुग्णांना मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजून अगणित प्राण वाचविले. २००२ पासूनच्या सूत्रात लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज आहे, कारण तेवढ्यात सोडियम आणि ग्लुकोज यांचे रेणू समसमान होतात. घरी करताना लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. बाळ पिईना म्हणून आई त्यात आणखी साखर घालते, तेव्हा जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढते आणि अतिसार वाढतो. हे सांगायला पाच मिनिटे लागतात, ती द्यावीत.

'साखर सोडली, गूळ खातो'

हे वाक्य न ऐकलेला वैद्य महाराष्ट्रात नसेल. गुळात खनिजे आहेत, त्याचे गुण वेगळे आहेत, पण त्याचा बहुतांश भाग सुक्रोजच आहे आणि रक्तात गेल्यावर तो गुळातून आला की साखरेतून, हे ग्लुकोज सांगत नाही. चरकांनी प्रमेहाच्या निदानातच गुळाच्या पदार्थांचा उल्लेख केला आहे, तो रुग्णास दाखवावा. मधाचा प्रश्न याहून अवघड. प्रमेहात हळद-आवळ्याबरोबर मध ग्रंथोक्त आहे. कफघ्न, लेखन असा त्याचा गुण आहे. मात्र शास्त्रात मधाचे नाव आहे म्हणून त्यातील ग्लुकोज नाहीसे होत नाही. चरकांनीही मध अल्प मात्रेतच घ्यावा असे बजावले असून त्याच्या अतिसेवनाने होणारा आम कष्टसाध्य मानला आहे. आम्ही स्थूल, कफप्रधान आणि रक्तशर्करा आटोक्यात असलेल्या रुग्णास अर्धा चमचा मध देतो आणि तो दिवसाच्या हिशेबात धरतो. इतरांस कोमट पाणी.

मूत्रपरीक्षेबद्दल एक नवी अडचण आली आहे. मूत्राकडे मुंग्या धावतात हे निरीक्षण चरकांचे. मधुमेहींच्या मूत्राची आणि रक्ताची गोडी शर्करेची आहे हे मॅथ्यू डॉब्सन यांनी १७७६ मध्ये दाखविले. रक्तशर्करा १८० च्या वर गेल्याखेरीज सहसा मूत्रात शर्करा उतरत नाही, या आधारावर आपण वर्षानुवर्षे बेनेडिक्टची परीक्षा केली. परंतु आता डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधे सर्रास दिली जातात. ती वृक्काकडून मुद्दामच शर्करा मूत्रात सांडवितात. अशा रुग्णाच्या मूत्रात रक्तशर्करा चांगली असतानाही शर्करा दिसणार. या औषधांचे पूर्वरूप असलेले फ्लोरिझिन १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीतून निघाले होते, हे आपल्यासारख्या वनस्पतिप्रेमींस आवडेल. मात्र हे औषध चालू असताना लंघन सांगणे धोक्याचे आहे. रक्तशर्करा फारशी न वाढताही रक्त आम्ल होऊ शकते. मळमळ, पोटदुखी, धाप ही लक्षणे आपण आमाजीर्ण समजून बसू. लंघन हे आपले आवडते शस्त्र आहे. ते उचलण्यापूर्वी रुग्णाच्या पिशवीतील पट्टी पाहावी.

आजींच्या आमच्याकडील कागदावर 'मधुमेहाच्या गोळ्या चालू' एवढेच लिहिलेले होते. अक्षर आमचेच होते. त्या आठवड्यापासून प्रत्येक प्रमेही रुग्णाच्या कागदावर गोळीचे पूर्ण नाव, घेण्याची वेळ आणि पुढील महिन्यातील उपवासाचे दिवस आम्ही लिहू लागलो. ग्लुकोजचा डबा सहायकाच्या खणात असतो. त्यावर लाल अक्षरांत 'खडीसाखर नव्हे, हे' अशी चिठ्ठी त्यानेच चिकटविली आहे.

कार्तिकी एकादशीच्या चार दिवस आधी आजी स्वतःच विचारायला आल्या. उपवास सोडणार नाही, हे त्यांनी बसण्याआधीच सांगितले. आम्ही वाद घातला नाही. गोळ्या लिहून देणाऱ्या त्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. त्या दिवशीची सकाळची गोळी कशी घ्यावी हे त्यांनी ठरवून दिले. गुडमारचे चूर्ण आम्ही दोन दिवस आधीच थांबविले. निर्जळीऐवजी दूध, राजगिरा आणि फळे यांवर तडजोड झाली. दुपारी सूनबाईंनी ग्लुकोमीटरवरील आकडा दूरध्वनीवरून कळविला, ११२ होता.